पालिकेच्या सेवा आणि धोके कसे तपासायचे: नव्याने रुजू झालेल्यांसाठी

पालिकेच्या संनियंत्रण कक्षात नव्याने बसलात की पहिल्याच आठवड्यात दोन फायली टेबलावर येतात. एक जाड असते, खात्याखात्यांच्या मासिक अहवालाची. किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, किती टन कचरा उचलला, किती दिवे दुरुस्त केले. दुसरी बारीक असते, जोखीम नोंदवहीची. पूर आला तर काय, सर्व्हर बंद पडला तर काय, ठेकेदाराने मध्येच काम सोडलं तर काय. पहिली फाईल दर महिन्याला हलते. दुसरी बहुतेक वर्षातून एकदाच उघडते, लेखापरीक्षक मागतात तेव्हा. दोन्ही वेगवेगळ्या माणसांच्या ताब्यात असतात आणि त्या माणसांची एकमेकांशी फारशी गाठ पडत नाही.

या दोन फायली शेजारी ठेवून कशा वाचायच्या, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. नव्याने निवडून आलेल्या सदस्यांनाही तो कामाचा वाटेल, कारण सभागृहात त्यांच्यापुढे हेच कागद येतात आणि बहुतेकदा आदल्या रात्रीच हातात पडतात. माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. घसरणारा आकडा ही धोक्याची पहिली चाहूल असते, आणि ज्या धोक्यावर एकाही आकड्याची नजर नाही, तो नोंदवहीत लिहूनही कुणाच्या उपयोगी पडत नाही.

आधी वॉकर्टनची गोष्ट

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात वॉकर्टन नावाचं जेमतेम पाच हजार वस्तीचं गाव आहे. 2000 सालच्या मे महिन्यात तिथे जोराचा पाऊस झाला. जवळच्या शेतातलं शेणखत पावसाबरोबर झिरपून पाणीपुरवठ्याच्या 5 क्रमांकाच्या विहिरीत उतरलं आणि ई. कोलायचे घातक जंतू घराघरांतल्या नळांत पोचले. 7 माणसं दगावली, 2,300हून अधिक आजारी पडली. पुढे न्यायमूर्ती डेनिस ओ’कॉनर यांच्या आयोगाने चौकशी केली. पाण्यातल्या उरलेल्या क्लोरीनची रोज नोंद करायची होती, आणि नोंदवहीत ती होतीही. पण जवळजवळ प्रत्येक पानावर तेच दोन आकडे, 0.5 किंवा 0.75. कर्मचारी बऱ्याचदा मोजतच नव्हते, नुसतं लिहीत होते.

त्या विहिरीत वरचं पाणी उतरू शकतं, ही शंका 1978 साली ती बांधली तेव्हापासून कागदावर होती. म्हणजे धोका एका कागदावर होता आणि आकडा दुसऱ्या. आकडा वर्षानुवर्षं उत्तम दिसत होता. इतका स्थिर आकडा खऱ्या पाण्याचा असू शकत नाही, हे कुणीतरी विचारायला हवं होतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या वाचताना हे गाव मनात असू द्या. मी स्वतः ते कधी विसरू शकलेलो नाही.

पायरी 1: सेवा शेवटच्या टोकाला जाऊन पाहा

प्रत्येक खात्याला एकच प्रश्न विचारा: तुमची सेवा नेमकी कुठे संपते? पाणीपुरवठा खातं पंपाच्या मीटरकडे बोट दाखवेल. सेवा संपते ती वाहिनीच्या शेवटच्या घरातल्या नळाला. दिव्यांची सेवा खांबावर संपत नाही, खांबाखालच्या उजेडात संपते. जन्मदाखल्याची सेवा अर्ज स्वीकारला तिथे संपत नाही, दाखला हातात पडतो तेव्हा संपते. खात्याला सोयीचं टोक आणि नागरिकाचं टोक यांत जेवढं अंतर, तेवढी तुमच्या अहवालात आंधळी जागा.

अशी यादी करायला दोन-तीन दिवस पुरतात. त्यासाठी समिती नेमू नका.

पायरी 2: मोजायचं काय ते ठरवा, आणि शब्दांची व्याख्या लिहून ठेवा

इथे मात्र वेळ द्या. अहवालातले आकडे साधारण तीन प्रकारचे असतात. काही आपण काय ओतलं ते सांगतात: पैसे, माणसं, गाड्या. काही आपण काय केलं ते सांगतात: फेऱ्या, दुरुस्त्या, तपासण्या. आणि काही लोकांना काय मिळालं ते सांगतात. पहिले दोन गोळा करायला सोपे, म्हणून अहवाल त्यांनीच भरलेला असतो. कचरागाडीच्या फेऱ्या वाढल्या एवढ्यावर भागत नाही. किती घरांचा कचरा त्या दिवशी उचलला गेला आणि किती घरं सुटली, हे कळल्याशिवाय फेऱ्यांचा आकडा डिझेलचा हिशेब म्हणूनच वाचा.

आकडे थोडे ठेवा. भारत सरकारच्या नगरविकास मंत्रालयाने 2008 साली शहरी सेवांसाठी जे मापदंड काढले, त्यात पाणी, मलनिस्सारण, घनकचरा आणि पावसाळी गटारं या चार सेवांसाठी मिळून 28 निर्देशक आहेत. पाण्यासाठी दरमाणशी दररोज 135 लिटर, 24 तास पुरवठा, हिशेबाबाहेर जाणारं पाणी 20 टक्क्यांच्या आत, अशी उद्दिष्टं त्यात दिली आहेत. चार मोठ्या सेवा 28 आकड्यांत मावत असतील, तर एकेका खात्याने साठ-सत्तर रकाने भरण्याचं कारण नाही. प्रमुखांच्या टेबलावर दर महिन्याला पंचवीस-तीस आकडे यावेत, बाकीचे खात्यापाशी राहू द्यावेत.

आता व्याख्या. ‘तक्रार निकाली निघाली’ या तीन शब्दांवर मी एका वर्षात जेवढा वेळ घालवला, तेवढा कशावरही नाही. एका खात्यात तक्रार दुसऱ्या खात्याकडे पाठवली की ती निकाली धरत. दुसऱ्यात ठेकेदाराला संदेश गेला की निकाली. तिसऱ्यात खरोखर खड्डा बुजल्यावर. तिघांचाही शेरा एकच: ‘निकाली’. या तिघांची टक्केवारी एकाच तक्त्यात शेजारीशेजारी छापली जात होती, आणि तिसरं खातं, ज्याचं काम सगळ्यांत प्रामाणिक, ते तळाला दिसत होतं. त्या खात्याच्या प्रमुखांना सभेत उभं राहून उत्तरं द्यावी लागत. मला अजूनही त्याचं वाईट वाटतं.

म्हणून प्रत्येक आकड्यासाठी एक पानी टिपण करा. काय मोजतो, घड्याळ कधी सुरू होतं आणि कधी थांबतं, काय धरायचं आणि काय वगळायचं, माहिती कुठून येते, कोण भरतं, कोण पडताळतं. व्याख्या बदललीत तर तारीख घाला, आणि जुन्या आकड्यांची नव्याशी तुलना करू नका.

सरासरीपासूनही सावध राहा. खड्डा बुजवायला सरासरी चार दिवस लागतात, यात कुणाचा खड्डा एका दिवसात बुजला आणि कुणाचा चाळीस दिवस तसाच राहिला, हे दिसत नाही. त्याऐवजी दहातल्या नऊ तक्रारी किती दिवसांत संपल्या ते विचारा, आणि सगळ्यांत जुनी उघडी तक्रार किती दिवसांची आहे तेही. मग तोच आकडा प्रभागवार मांडून पाहा. संपूर्ण शहराचा आकडा चांगला असताना दोन प्रभाग वर्षभर अंधारात असू शकतात, आणि तिथले लोक तक्रार करून थकलेले असतील तर तक्रारींचा आकडासुद्धा कमी दिसेल. तक्रारी अचानक घटल्या तर आनंदण्याआधी तिथे एक चक्कर मारा.

पायरी 3: आकड्यावर विश्वास किती ठेवायचा ते ठरवा

मघाच्या 2008च्या मापदंडांत मला सर्वांत आवडलेली गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात राहते. त्यात प्रत्येक आकड्याच्या शेजारी त्याच्या विश्वासार्हतेची श्रेणी लिहायची असते, ‘अ’पासून ‘ड’पर्यंत. मीटरवर मोजलेलं पाणी आणि अंदाजाने सांगितलेलं पाणी यांना एकच मान मिळत नाही. ही पद्धत कुठल्याही पालिकेत उद्यापासून सुरू करता येते. आकडा 92 टक्के असेल आणि श्रेणी ‘ड’ असेल, तर तुमच्या हातात 92 टक्के नाहीत, एक अंदाज आहे. आणि खात्याने स्वतःहून ‘ड’ लिहिलं तर त्याला शाबासकी द्या, कारण इतका खरा शेरा सहसा कुणी लिहीत नाही.

पडताळणीसाठी मोठी यंत्रणा लागत नाही. दर महिन्याला ‘निकाली’ यादीतल्या वीसेक नोंदी चिठ्ठ्या टाकून निवडा आणि प्रत्यक्ष जागेवर जा. वीसपैकी सहा ठिकाणी काम झालेलं नसेल, तर अहवाल किती खरा आहे ते तुम्हाला कळलं.

एक प्रसंग सांगतो. मी या कामात नवा होतो. एका जलकुंभाच्या नोंदवहीत उरलेल्या क्लोरीनचा आकडा रोज 0.5. तेच पेन, तेच अक्षर, एकही खाडाखोड नाही. वॉकर्टन नुकतंच वाचलेलं, त्यामुळे मनात शंका धरूनच गेलो. वाहिनीच्या अगदी शेवटच्या घरी गेलो, नळ मिनिटभर सोडला, नळीत पाणी घेतलं, डीपीडीची गोळी टाकली. क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं. नळी हलवली, उजेडासमोर धरली, पुन्हा हलवली. पाणी जसंच्या तसं, काचेसारखं. नळावर लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं, तिथे काहीच नव्हतं. घरातली बाई हंडा घेऊन बाजूला उभी होती. तिने विचारलं, “चांगलं आहे ना पाणी?” मला उत्तर देता आलं नाही.

जलकुंभावरच्या कर्मचाऱ्याला जाब विचारायचा म्हणून परत गेलो, तर त्याने माझ्यासमोर टाकीच्या तोंडाशी नमुना घेतला. लख्ख गुलाबी, 0.5. तो खोटं लिहीत नव्हता. नोंदवहीत ‘पाणी तपासले’ एवढाच रकाना होता, कुठे तपासायचं ते लिहिलंच नव्हतं. मधल्या वाहिनीत कुठेतरी गळती होती आणि घाण आत येत होती, म्हणून क्लोरीन वाटेतच संपत होतं. आम्ही रकाना बदलला: ‘शेवटच्या नळावर, ठिकाणासह’. गळती आठवड्याभरात सापडली. तेव्हापासून आकडा चुकीचा दिसला की आधी मी तक्त्याकडे पाहतो, माणसाकडे नंतर.

पायरी 4: उद्दिष्ट आणि रंग

बहुतेक ठिकाणी लाल, पिवळा, हिरवा असे रंग देतात. पद्धत सोपी आहे, पण रंगाच्या सीमा वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवा. महिना संपल्यावर सीमा ठरवायला बसलात तर लाल काही उरणार नाही. पावसाळ्यातल्या खड्ड्यांची तुलना उन्हाळ्याशी करू नका, मागच्या पावसाळ्याशी करा. एका महिन्याच्या चढउतारावर धावपळ करू नका, पण सलग तीन-चार महिने आकडा एकाच दिशेला सरकत असेल तर तो हिरव्यात असला तरी विषय बैठकीत घ्या. सरकणारा हिरवा स्थिर पिवळ्यापेक्षा जास्त काळजीचा असतो.

पायरी 5: जोखीम नोंदवही नीट लिहा

आता बारीक फाईल. जोखीम व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ 31000, 2009 साली आलं आणि 2018 साली सुधारलं गेलं. उद्दिष्टांवर अनिश्चिततेचा होणारा परिणाम म्हणजे जोखीम, अशी त्याची व्याख्या आहे. नवख्यांना ती कोरडी वाटते, पण तिच्यातला ‘उद्दिष्ट’ हा शब्द फार कामाचा आहे. कोणत्या सेवेचं कोणतं उद्दिष्ट हुकेल, हे सांगता येत नसेल तर ती नोंद अजून जोखीम झालेली नाही.

नोंदवह्यांमध्ये ‘निधीची कमतरता’, ‘मनुष्यबळ’, ‘नैसर्गिक आपत्ती’ अशा नोंदी भरलेल्या असतात. त्या नोंदींवर काय कृती करायची ते कुणालाच सांगता येत नाही. नोंद लिहिताना तीन गोष्टी एकाच वाक्यात आणा: कशामुळे, काय घडेल, त्याने काय होईल. उदाहरणार्थ: ‘मुख्य पंपाला एकच पर्यायी पंप आहे आणि त्याचे सुटे भाग मिळायला सहा आठवडे लागतात, त्यामुळे दोन्ही एकदम बंद पडले तर शहराच्या वरच्या भागाला पाणी मिळणार नाही आणि तिथल्या रुग्णालयाला टँकरवर अवलंबून राहावं लागेल.’ असं वाक्य वाचल्यावर काय करायचं ते आपोआप सुचतं. सुटे भाग आधीच आणून ठेवा, रुग्णालयाशी आत्ताच बोला.

मग प्रत्येक जोखमीला शक्यता 1 ते 5 आणि परिणाम 1 ते 5 असे गुण देतात आणि गुणाकार करतात. शक्यता 4, परिणाम 5, म्हणजे 20: वरची जागा. हे ठीक आहे, पण गुणाकाराला डोळे नसतात. वर्षातून पाच वेळा कार्यालयाचा प्रिंटर बंद पडणं हे 5 गुणिले 1, आणि शंभर वर्षांतून एकदा धरण फुटणं हे 1 गुणिले 5. दोन्हींचं उत्तर 5. यादी नुसती गुणांनी लावली तर धरण प्रिंटरच्या शेजारी बसतं. म्हणून ज्यांचा परिणाम 5 आहे त्या सगळ्या जोखमी शक्यता कितीही कमी असली तरी वेगळ्या काढा आणि वर्षातून दोनदा त्यांवर स्वतंत्र चर्चा करा. माणसाच्या जिवाशी संबंध आहे तिथे गुणाकाराच्या भरवशावर बसू नये, असं माझं ठाम मत आहे.

गुण दोनदा द्यायचे असतात. एकदा काहीच उपाय नाहीत असं धरून, म्हणजे मूळ जोखीम. आणि एकदा आहेत ते उपाय धरून, म्हणजे उरलेली जोखीम. मूळ 20 आणि उरलेली 6 असेल, तर मधल्या 14 गुणांचा भार त्या उपायांवर आहे. मग विचारा, हे उपाय चालू आहेत का? ‘अग्निशमन यंत्रणा बसवली आहे’ हा उपाय कागदावरचा. ‘मागच्या तिमाहीत चालवून पाहिली, दोन पंपांपैकी एक सुरू झाला नाही, दुरुस्त केला’ हा खरा. ज्या उपायाची चाचणीची तारीख नाही, त्याचे गुण कापायला मागेपुढे पाहू नका.

प्रत्येक जोखमीला एक जबाबदार पद हवं. ‘सर्व संबंधित खाती’ असं लिहिलेलं दिसलं की तिथे कुणीच जबाबदार नाही असं समजा. आणि किती जोखीम सोसायची आपली तयारी आहे, हे निवडून आलेल्या सभागृहाने ठरवायचं असतं. अधिकाऱ्यांनी ते गुपचूप ठरवू नये. नवा प्रयोग करताना पैसे वाया जाण्याची थोडी जोखीम घेता येईल, पिण्याच्या पाण्यात मुळीच नाही, इतकं साधं वाक्यही सुरुवातीला पुरतं.

पायरी 6: दोन्ही फायली जोडा

मोठ्या दहा-बारा जोखमी घ्या आणि प्रत्येकीला विचारा: ही जवळ येऊ लागली तर सगळ्यांत आधी कोणता आकडा हलेल? पंपाच्या जोखमीत मुख्य पंपाचे चालू तास आणि पर्यायी पंप किती दिवस दुरुस्तीत आहे हे दोन आकडे. ठेकेदाराने काम सोडण्याच्या जोखमीत त्याच्या कामगारांचे पगार किती दिवस उशिरा होतात आणि रोजची हजेरी किती. गटार तुंबून पाणी घरात शिरण्याच्या जोखमीत पावसाळ्याआधी किती किलोमीटर गटारं साफ झाली हे आहेच, पण साफ केल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा किती भरली हेही. वसुलीतल्या जोखमीत तीन वर्षांपेक्षा जुनी थकबाकी एकूण थकबाकीच्या किती टक्के आहे.

हे आकडे मासिक अहवालात असतील तर त्यांच्याशेजारी जोखीम क्रमांक लिहा. नसतील तर आणा, आणि त्यांच्या बदल्यात निरुपयोगी आकडे काढून टाका. उलटही करा: अहवालातला जो निर्देशक सलग तीन महिने लाल आहे, त्याची नोंदवहीत नोंद आहे का ते पाहा. नसेल तर नोंदवही शिळी झाली आहे.

पैशांच्या जोखमी हळूहळू वाढतात, म्हणून त्या सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतात. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम पालिकेने 5 सप्टेंबर 2023 रोजी 1988च्या कायद्यातल्या कलम 114 खाली नोटीस काढून अत्यावश्यक नसलेला नवा खर्च थांबवला. समान कामाला समान वेतन न दिल्याच्या जुन्या दाव्यांचं देणं 65 ते 76 कोटी पौंड असेल, असा अंदाज पालिकेनेच त्या उन्हाळ्यात जाहीर केला होता. नव्या संगणक प्रणालीचा वाढलेला खर्चही होता. समान वेतनाचा प्रश्न नवा नव्हता. 2012 साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला होता आणि त्यानंतर पालिकेने या दाव्यांपोटी सुमारे 110 कोटी पौंड दिलेही होते. न्यायालयीन प्रकरणांतून येऊ शकणारं देणं दर तिमाहीला एका ओळीत मांडा, भले अंदाज कच्चा असो. ती ओळ वाढत असेल तर अर्थसंकल्पाआधी कळेल.

पायरी 7: बैठक

सगळी यंत्रणा बैठकीत तरते किंवा बुडते. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात महापौर मार्टिन ओमॅली यांनी 2000 साली ‘सिटीस्टॅट’ नावाची पद्धत सुरू केली. न्यूयॉर्क पोलिसांनी 1994 साली सुरू केलेल्या ‘कॉम्पस्टॅट’वरून ती घेतली होती. खातेप्रमुख दर दोन आठवड्यांनी महापौरांच्या माणसांपुढे उभे राहत, आणि त्यांच्या खात्याची ताजी आकडेवारी, गैरहजेरी आणि जादा कामाच्या भत्त्यासह, सगळ्यांना दिसेल अशी मांडलेली असे. तक्रार आल्यापासून 48 तासांत खड्डा बुजवू, असं वचन त्या शहराने दिलं होतं. बैठकांचं अंतर लहान होतं, म्हणून मागच्या वेळी दिलेला शब्द विसरायला कुणाला वेळच मिळत नव्हता.

दुसरं उदाहरण सुरतचं. 1994 साली तिथे प्लेग पसरला. पुढच्या वर्षी आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी अधिकाऱ्यांना रोज सकाळी खोल्यांबाहेर काढून रस्त्यावर, गटारांवर, कचऱ्याच्या जागांवर पाठवलं. ‘एसी टू डीसी’ असं त्याला म्हणत, म्हणजे गार खोलीतून रोजच्या कामांकडे. दुपारी बैठक बसे तेव्हा प्रत्येकाने सकाळी स्वतः पाहिलेलं असे. तिथे आकड्यांची सजावट फार वेळ टिकू शकत नव्हती.

तुमच्या बैठकीत मागच्या इतिवृत्तातली कामं आधी घ्या, नवे आकडे नंतर. ‘कार्यवाही सुरू आहे’ हा शेरा स्वीकारू नका. कोण, काय, कोणत्या तारखेपर्यंत, एवढं लिहून घ्या. हिरव्या आकड्यांवर वेळ घालवू नका, ते वाचलेले आहेत असं धरा. एका बैठकीत चार-पाच लाल विषय खोलात झाले तरी खूप झालं.

आणि स्वर सांभाळा. लाल दाखवणाऱ्याला सगळ्यांसमोर फैलावर घेतलंत, तर पुढच्या महिन्यात सगळं हिरवं दिसेल, आणि ते तुमच्याच हातून घडलेलं असेल. लाल दाखवलं याबद्दल आभार माना आणि विचारा, काय लागेल? रागवायचं असेल तर लपवलं म्हणून रागवा.

पायरी 8: अहवालाला दुसरा पत्ता हवा

पुन्हा वॉकर्टन. 17 मे रोजी प्रयोगशाळेने पाणी दूषित असल्याचा निकाल कळवला, पण पाणीपुरवठा करणाऱ्या संस्थेलाच. आरोग्य खात्याने पुढच्या दिवसांत पाण्याबद्दल विचारणा केली तेव्हा पाणी ठीक असल्याचं सांगण्यात आलं. शेवटी आरोग्य खात्याने स्वतःहून पाणी उकळून प्यायची सूचना काढली, ती 21 मे रोजी. मधल्या दिवसांत लोक ते पाणी पीत राहिले. प्रयोगशाळेने तोच निकाल आरोग्य खात्यालाही पाठवायला हवा, असं बंधन तेव्हा नव्हतं.

म्हणून जिवाशी संबंधित प्रत्येक आकडा ज्याच्या कामाचा आहे त्याच्याशिवाय आणखी एका ठिकाणी थेट गेला पाहिजे. पाण्याचे निकाल आरोग्य विभागाला, पुलांच्या तपासणीचे निकाल पालिकेच्या प्रमुखांना, आगीच्या तपासणीचे अग्निशमन दलाला, आणि तेही खात्याच्या हातून न जाता.

एरवीची रचना सोपी आहे. काम करणारं खातं स्वतःच्या जोखमी सांभाळतं. तुमचा कक्ष पद्धत ठरवतो आणि प्रश्न विचारतो. अंतर्गत लेखापरीक्षण या दोघांनाही तपासतं आणि खातेप्रमुखांना न विचारता लेखापरीक्षण समितीला थेट अहवाल देतं. तुमच्या कक्षाने खात्याचं काम स्वतःकडे घेऊ नये. जोखीम नोंदवही तुम्हीच बसून भरू लागलात की ती तुमची होते, त्यांची राहत नाही.

नागरिकांसमोर आकडे मांडा, आणि प्रभागवार मांडा. सुरुवातीला वर्तमानपत्रात दोन-चार बोचरे मथळे येतील. पण प्रभागातला माणूस ‘आमच्या गल्लीत असं नाही’ म्हणून फोन करतो, तो तुमचा विनावेतन पडताळणी अधिकारी असतो.

पहिले तीन महिने

पहिल्या महिन्यात काहीही बदलू नका. अहवाल वाचा, नोंदवही वाचा, पाच ठिकाणी प्रत्यक्ष जा: एक जलकुंभ, एक कचरा डेपो, एक दाखला खिडकी, एक पंपगृह आणि पावसाचं पाणी सर्वांत आधी जिथे तुंबतं ती जागा. जाताना तिथल्या नोंदवहीचं पान सोबत ठेवा.

दुसऱ्या महिन्यात एकच खातं निवडा, शक्यतो ज्याचा प्रमुख उत्सुक आहे ते, आणि त्याच्या पाच आकड्यांची व्याख्या-टिपणं त्याच्यासोबत बसून लिहा. त्याच्या सर्वांत मोठ्या तीन जोखमी नव्याने वाक्यात मांडा आणि आकड्यांशी जोडा. तिसऱ्या महिन्यात त्या खात्याचा एक पानी अहवाल बैठकीत ठेवा: वर आकडे, शेजारी विश्वासार्हतेची श्रेणी, खाली जोखमी, त्यांची जबाबदार पदं आणि उपायांच्या चाचणीच्या तारखा. बाकी खातेप्रमुख तो कागद उचलून पाहतील. त्यांतला एखादा बैठकीनंतर मागे थांबून विचारेल की आमचाही असा करता येईल का. त्या दिवशी दुसऱ्या खात्याचं काम हाती घ्या, आणि सुरुवात पुन्हा त्यांच्या शेवटच्या नळापासून, शेवटच्या खांबापासून करा.